कुत्र्याला धाक हवा की खाऊ?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या आठवड्याचा एपिसोड लिहून इथे टाकतेय. बोलताना मध्ये मध्ये आलेले 'अं...' आणि मागे वाजलेल्या कुकरच्या तीन शिट्ट्या काढून टाकल्यात, बाकी जवळपास तसंच आहे.

विषय तुमच्याकडूनच आला. घरात कुत्रा आणण्यावर आपण बोललो होतो, त्यानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे होते: "ट्रेनर म्हणतो कुत्र्याला बॉस कोण ते दाखवा. यूट्यूबवर म्हणतात खाऊ देऊन शिकवा. खरं काय?" मी काही प्राण्यांची डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरते. पण घरात तीन वर्षांची एक इंडी आहे, चिंगी, आणि कुठलीही गोष्ट 'का' चालते हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे या विषयावर बरंच वाचलं. ते आज तुमच्यासमोर मांडते.

भांडण नक्की कशावरून आहे?

पहिला पक्ष धाकवाल्यांचा. त्यांचं म्हणणं असं: कुत्रा म्हणजे मुळात लांडगा. लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, त्याला 'अल्फा' म्हणतात. घरात तुम्ही अल्फा झाला नाहीत तर कुत्रा होईल आणि डोक्यावर बसेल. त्यातून मग नियम निघतात. आधी तुम्ही जेवा, मग कुत्र्याला द्या. दारातून आधी तुम्ही बाहेर पडा. सोफ्यावर चढू देऊ नका. ओढायला लागला की चोक चेनला झटका द्या. गुरगुरला तर उताणा पाडा आणि 'शरण' येईपर्यंत दाबून धरा.

दुसरा पक्ष खाऊवाल्यांचा. यांचं म्हणणं: कुत्र्याला सत्ता वगैरे काही नको आहे. ज्या वागण्यातून त्याचा फायदा होतो ते तो पुन्हा करतो, ज्यातून काही मिळत नाही ते हळूहळू सोडतो. मग तुम्हाला हवं ते वागणं त्याच्या फायद्याचं करा. खाऊ द्या, खेळा, शाबासकी द्या.

आता वरवर बघितलं तर हा कडक आई आणि लाडावणारी आजी यांच्यातला वाद वाटतो. पण पहिल्या पक्षाचा एक दावा तथ्याचा आहे: लांडगे असेच राहतात. तो तपासता येतो. म्हणून आधी तिथे जाऊ.

अल्फा आला कुठून?

रुडॉल्फ शेंकेल नावाचे स्विस संशोधक होते. त्यांनी बासलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण केलं आणि 1947 साली प्रसिद्ध केलं. त्यांना दिसलं की कळपात मारामाऱ्या होतात, चढाओढ चालते आणि एक नर आणि एक मादी वरच्या जागेवर पोचतात. निरीक्षण खोटं नव्हतं. पण जागा बघा! पिंजऱ्यातले लांडगे, पळून जायला वाट नाही, सगळे छोट्याशा आवारात कोंडलेले. अनोळखी माणसांना एका खोलीत कोंडून ठेवलं आणि त्यावरून 'माणसांची कुटुंबं कशी चालतात' असा निष्कर्ष काढला, तर जे होईल ते इथे झालं.

पुढे अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांनी 1970 मध्ये लांडग्यांवर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यात ही अल्फाची कल्पना आली, पुस्तक प्रचंड गाजलं आणि शब्द जगभर गेला. मग याच मेक यांनी 1986 पासून दर उन्हाळ्यात कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समेअर बेटावर, मोकळ्या लांडग्यांचा अभ्यास केला. 1999 मध्ये त्यांनी लिहिलं की निसर्गातला कळप म्हणजे बहुतेक वेळा साधं कुटुंब असतं: आई, बाप आणि त्यांची एक-दोन-तीन वर्षांची पोरं. पोरं मोठी झाली की घर सोडतात आणि स्वतःचा संसार थाटतात. आई-बाप पुढे असतात ते आई-बाप आहेत म्हणून, कुस्ती जिंकले म्हणून नाही. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा असं मेक प्रकाशकाला सांगत राहिले. ते थांबायला 2022 उजाडलं. स्वतःच्याच गाजलेल्या पुस्तकाविरुद्ध इतकी वर्षं भांडणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

आता यातली गंमत सांगते. कुत्र्यांना झटके देऊन शिकवणं हे लांडग्यांच्या अभ्यासातून आलेलंच नाही. जर्मनीत कोनराड मोस्ट पोलिसांचे कुत्रे तयार करायचे, त्यांचं पुस्तक 1910 चं आहे. म्हणजे शेंकेल यांच्या आधी 37 वर्षं. अमेरिकेत विल्यम कोहलर यांचं 1962 मधलं पुस्तकही याच कडक शिस्तीचं. पद्धत आधीच होती, शास्त्रीय वाटणारं कारण तिला नंतर चिकटलं. उताणं पाडण्याची युक्ती लोकप्रिय केली ती न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातल्या साधूंनी, 1978 च्या त्यांच्या पुस्तकातून. त्यांनीच 2002 च्या सुधारित आवृत्तीत ती काढून टाकली. पण तोवर ती सगळीकडे पसरली होती. 2004 मध्ये सीझर मिलान यांचा टीव्ही शो सुरू झाला आणि 'पॅक लीडर' हा शब्द आपल्या दिवाणखान्यातही आला.

आणि एक. लांडगा लांडग्याला धरून उताणा पाडत नाही. दुबळा लांडगा आपणहून आडवा होतो, "बाबा रे, भांडण नको" असं सांगायला. जबरदस्तीने पाडणं याचा प्राण्याच्या भाषेत अर्थ एकच: हा मला मारणार.

मग कुत्र्यांत वर्चस्व नसतंच का?

असतं. इथे खाऊवाले कधीकधी जास्त पुढे जातात. रोमच्या परिसरातल्या मोकाट कुत्र्यांवर इटालियन संशोधकांनी काम केलंय आणि त्यांच्यात वरचा-खालचा क्रम दिसतो, बहुतेक वेळा वयाने मोठे वर. आपल्या गल्लीतसुद्धा बघा, चिकनच्या दुकानासमोर आधी कोण जातं आणि कोण लांब उभं राहतं हे ठरलेलं असतं. पण हा क्रम कुत्र्या-कुत्र्यांमधला, अमुक एक गोष्ट आधी कोणाला मिळणार यापुरता. तुमचा कुत्रा दारातून आधी धावतो कारण बाहेर मजा आहे. सोफ्यावर बसतो कारण सोफा मऊ आहे. त्यामागे सत्तापालटाचा कट नसतो.

माणसांशी त्यांचं नातं कसं जुळतं यावर आपल्याकडेच छान काम झालंय. आयसर कोलकात्याच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करून 2017 मध्ये दाखवलं की अनोळखी माणसावर विश्वास बसायला या कुत्र्यांच्या बाबतीत नुसत्या खाण्यापेक्षा प्रेमाने कुरवाळणं जास्त उपयोगी पडतं. रोज दगड खाणारी ही कुत्री. त्यांनाही अल्फा नको होता.

शिकणं कसं घडतं

आता थोडा मेकॅनिझम. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात जे मांडलं ते चार खणांचा तक्ता काढला की समजतं. एखाद्या वागण्यानंतर तुम्ही काहीतरी देता किंवा काढून घेता, आणि त्यामुळे ते वागणं वाढतं किंवा कमी होतं. बस्स.

उदाहरण घेऊ. पाहुणे आले की कुत्रा अंगावर उड्या मारतो.

एक, चारही पाय जमिनीवर असताना खाऊ दिला. जमिनीवर राहणं वाढेल.

दोन, उडी मारली की पाठ फिरवली, लक्ष काढून घेतलं. उड्या कमी होतील.

तीन, उडी मारली की छातीत गुडघा मारला किंवा पट्ट्याला झटका दिला. उड्या कमी होतील.

चार, गळ्यातली साखळी ताणून धरली आणि बसल्यावरच ढिली केली. बसणं वाढेल.

खाऊवाले ट्रेनर मुख्यतः पहिला आणि दुसरा खण वापरतात, धाकवाले तिसरा आणि चौथा. म्हणजे शिक्षेने काही होत नाही हे म्हणणं चूक आहे. होतं. प्रश्न किमतीचा आहे.

शिक्षा नीट लागू पडायला ती वागण्यानंतर एक-दोन सेकंदांत यावी लागते, दरवेळी यावी लागते आणि तिचा जोर अगदी बरोबर असावा लागतो. कमी पडली तर कुत्र्याला सवय होते आणि तुम्ही जोर वाढवत नेता. जास्त झाली तर तो घाबरतो. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर सकाळी कुरतडलेल्या चपलेसाठी ओरडलात तर त्याला एवढंच कळतं की तुम्ही घरी येणं धोक्याचं आहे. तो कान पाडून कोपऱ्यात जातो ते अपराधी वाटलं म्हणून नाही, तुमचा चेहरा वाचून.

दुसरी अडचण मोठी आहे. झटका कशाशी जोडला जाईल ते तुमच्या हातात नसतं. समजा तुमचा कुत्रा रस्त्यावर दुसऱ्या कुत्र्याला बघून भुंकतो, आणि तुम्ही दरवेळी काटेरी पट्टा खेचता. तुम्हाला वाटतं तो शिकतोय 'भुंकलं की दुखतं'. तो शिकत असेल 'दुसरा कुत्रा दिसला की दुखतं'. आधी जो नुसता बिचकत होता त्याला आता तिटकाऱ्याचं पक्कं कारण मिळालं.

खाऊत टायमिंग चुकलं तर काय होतं? एक तुकडा चिकन फुकट जातं. बस्स! नवशिक्या माणसासाठी कुठलं टूल सुरक्षित, हे यावरून ठरवा.

बक्षिसाची पद्धत कुठे घडली हेही बघण्यासारखं आहे. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड यांनी 1940 च्या दशकात ती प्रयोगशाळेबाहेर आणली. पुढे हवाईमध्ये कॅरन प्रायर यांनी तिच्यावर डॉल्फिन तयार केले, आणि 1984 च्या त्यांच्या पुस्तकानंतर ती कुत्रेवाल्यांत पसरली. डॉल्फिनला पट्टा घालता येत नाही. रागावलात तर तो सरळ तळाशी निघून जातो. तिथे शिकवायचं तर त्याला यावंसं वाटलं पाहिजे.

पुरावा काय म्हणतो?

2009 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 140 मालकांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. वागण्याच्या तक्रारी घेऊन आलेले हे लोक. घरी काय काय करून बघितलं आणि त्यावर कुत्र्याने काय केलं, असं विचारलं होतं. ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली होती त्यांच्यापैकी 43 टक्के लोकांचा कुत्रा उलट अंगावर आला. उताणं पाडणाऱ्यांत हा आकडा 31 टक्के, नुसतं रोखून बघणाऱ्यांत 30 टक्के. लक्षात घ्या, ही मुळातच अडचणीतली कुत्री होती, सगळ्यांना हा आकडा लागू होत नाही. पण ट्रेनरकडे जाणारी कुत्रीही बहुतेक अशीच असतात ना?

2020 मध्ये पोर्तुगालमध्ये पोर्तो परिसरातल्या ट्रेनिंग स्कूलमधल्या 92 कुत्र्यांचा अभ्यास झाला. कडक पद्धतीच्या स्कूलमधल्या कुत्र्यांच्या लाळेत ट्रेनिंगनंतर कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हॉर्मोन, जास्त वाढलेलं होतं. त्यांनी आणखी एक सुंदर चाचणी केली. खोलीच्या एका बाजूला ठेवलेल्या वाडग्यात नेहमी खाऊ, दुसऱ्या बाजूच्या वाडग्यात कधीच नाही, हे कुत्र्याला शिकवलं. मग वाडगा मधोमध ठेवला. आशा असलेला कुत्रा धावत जातो. कडक शिस्तीतली कुत्री बक्षिसाने शिकलेल्यांपेक्षा सावकाश गेली. मला हा निकाल आकड्यांपेक्षा जास्त लागला.

"पण शॉक कॉलरने काम लवकर होतं" यावर इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठाने 2020 मध्ये 63 कुत्र्यांची तुलना मांडली. मोकळं सोडल्यावर बोलावलं तरी न येणारी अशी ही कुत्री होती. बक्षिसाने शिकलेली कुत्री करंटवाल्यांच्या बरोबरीने किंवा जास्त चांगली शिकली.

उलट बाजूही सांगते. 2024 मध्ये अमेरिकेत ॲरिझोनाच्या संशोधकांनी 19 कुत्र्यांवर प्रयोग केला. वेगाने पळणाऱ्या आमिषामागे धावणं थांबवायचं होतं. तिथे करंट दिलेली कुत्री थांबायला शिकली, खाऊवाली त्या मोजक्या सेशनमध्ये शिकली नाहीत. करंट बसल्यावर कुत्री केकाटली हेही त्यात नोंदवलंय. खाऊचं ट्रेनिंग अजून हळूहळू आणि नीट दिलं असतं तर निकाल बदलला असता, अशी टीका त्यावर झाली. मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो कारण तो प्रश्न नेमका करतो: शिकारीच्या ओढीसारखी जबर गोष्ट, हातात वेळ कमी, आणि हायवेवर गाडीखाली जाण्याची भीती असेल तर काय? यावर प्रामाणिक लोकांतही मतभेद आहेत. पण सोसायटीच्या लॉबीत नीट बसायला शिकवण्यासाठी हा युक्तिवाद वापरणं म्हणजे डास मारायला तोफ.

गुरगुरणं बंद करणं सगळ्यात धोक्याचं

आता आमच्या बिल्डिंगमधली गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी पावसाळ्यात रस्त्यावरचा एक कुत्रा घरी आणला. घरात सहा वर्षांची मुलगी आणि आजी. महिनाभर सगळं छान, मग तो जेवताना कोणी जवळ गेलं की गुरगुरायला लागला. एक ट्रेनर आला. त्याने खाता खाता भांडं ओढून घेतलं, कुत्रा गुरगुरला, तसा मानगूट धरून आडवा पाडला. "हे रोज करा, आठवड्यात आवाज बंद होईल." ताई मला म्हणाल्या, "अगं, आवाज तर चार दिवसांतच बंद झाला, पण आता तो नुसता ताठ होतो गं. मला जास्त भीती वाटतेय." आजींनी तर स्पष्टच सांगितलं होतं: एकदा जरी पोरीला दात लागला तरी कुत्रा घरात राहणार नाही.

ताईंची भीती बरोबर होती. माझ्या भाषेत सांगायचं तर, सर्व्हर पडायच्या आधी लॉगमध्ये एरर येत असतात. कोणी लॉगिंगच बंद केलं तर स्क्रीन स्वच्छ दिसेल, बग तिथेच राहील. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं "प्लीज, लांब रहा". ते शिक्षेने दाबलं की भीती कमी होत नाही, फक्त इशारा जातो. मग लोक म्हणतात, "काही न करता अचानक चावला हो!"

त्या घरात मग काय केलं? आधी डॉक्टरांकडे नेऊन दात, कान, पोट तपासलं, कारण कुठे दुखत असेल तरी कुत्रा असा वागतो. जेवण वेगळ्या खोलीत, दार लावून, मुलीला त्या वेळी आत प्रवेश नाही. हा नियम कायमचा. मग मोठ्यांनी रोज तो न ताठरेल इतक्या लांबून जायचं आणि भांड्याच्या दिशेने उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकून पुढे निघायचं. भांड्याला हात लावायचा नाही. काही आठवड्यांत पावलं ऐकू आली की तो मान वर करून शेपटी हलवायला लागला. माणूस जवळ येणं म्हणजे जेवण जाणं, याऐवजी माणूस येणं म्हणजे आणखी खाऊ येणं. गुरगुरणं आता क्वचित ऐकू येतं, आणि ऐकू आलं की घरचे दोन पावलं मागे जातात. आजी म्हणतात, "राहू दे आता त्याला."

तुमचे नेहमीचे प्रश्न

*"खाऊ नसेल तर ऐकणारच नाही ना?"* खाऊ आधी दाखवून काम करून घेतलंत तर ती लाच. काम झाल्यावर दिलात तर पगार. सुरुवातीला दरवेळी द्या, सवय लागली की कधी द्या, कधी नुसती शाबासकी, कधी चेंडू. आणि दिवसाच्या जेवणातूनच काढून ठेवा, नाहीतर वजन वाढेल.

*"म्हणजे काहीही करू द्यायचं?"* नाही. कचऱ्याचा डबा झाकणाचा घ्या, चपला कपाटात ठेवा, लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा. चुकायची संधीच न देणं हीसुद्धा शिस्त आहे.

*"रॉटवायलर, शेफर्डला धाकच लागतो."* शिकण्याचे नियम जातीनुसार बदलत नाहीत. उलट ज्याचा जबडा मोठा त्याच्याशी मारामारी करणं जास्त वेडेपणाचं.

*"आमच्या गावी तर कोणी काही शिकवत नाही, कुत्री नीट असतात."* गावच्या कुत्र्याला नको त्या माणसापासून लांब जाता येतं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणि आखूड पट्ट्यावर त्याला ती सोय नसते, म्हणून शिकवावं लागतं.

ट्रेनर निवडताना

ट्रेनरची पाटी कोणीही लावू शकतो, त्यामुळे तपासायची जबाबदारी आपली. तीन प्रश्न विचारा. माझा कुत्रा बरोबर वागला तर तुम्ही काय कराल? चुकला तर काय कराल? आणि तुमची पद्धत चालली नाही तर पुढे काय? दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'जोर वाढवू' असं असेल तर धन्यवाद म्हणा आणि फोन ठेवा. 'बोर्डिंगला सोडा, महिन्याने तयार कुत्रा घेऊन जा' असं असेल तर तुमच्या पाठीमागे काय चालणार ते आधी बघायला मागा. सेशनमध्ये तुम्हाला उभं राहू देत नसेल तर प्रश्नच मिटला. आणि कुत्रा आधीच कोणाला चावला असेल तर साध्या ट्रेनरवर भागवू नका, आधी पशुवैद्याला दाखवा.

शेवटी एक घरचा अभ्यास. या आठवड्यात रोज दहा वेळा, कुत्रा काहीही चूक करत नसताना, शांत बसलेला असताना, जाऊन एक छोटा तुकडा द्या. आपण फक्त चुकांवर लक्ष देतो, त्यामुळे शांत बसण्याचा त्याला कधी फायदाच झालेला नसतो. सात दिवसांनी काय फरक दिसला ते मला लिहून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांबद्दल बोलू, दिवाळीच्या आधी तयारीला वेळ मिळायला हवा. भेटू, काळजी घ्या!